कानसेन भाऊजी आणि झोपलेली गाडी

आमच्या भाऊजींना धंद्यातले लोक 'कानसेन' म्हणतात. गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आंघोळ करताना ते गुणगुणले तर शेजारचा कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसतो. पण गल्लीच्या टोकाला एखादी गाडी वळली की जेवता जेवता सांगायचे, "हिचा एक प्लग गेलाय." गाडीवाला दारात यायचा, बोनेट उघडायचं, आणि खरंच एक प्लग काळा निघायचा.

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते बोलून दाखवले तर त्यांनाच राग येतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. 'तिला कशाला शिकायचीय गाडी' असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं, त्यात माझंही होतं. भाऊजींनी मात्र घरची जुनी गाडी काढली, मला मोकळ्या मैदानावर नेलं आणि वेगाच्या काट्यावर कागद चिकटवून टाकला. म्हणाले, "वहिनी, काटा नंतर बघा. गाडी बोलते. गिअर कधी बदलायचा ते तीच सांगेल." मी रडकुंडीला आले, गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती, तरी ते एकदाही हसले नाहीत. पुढे ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. हे शेजारी डोळे मिटून बसलेले आणि स्टिअरिंग माझ्या हातात, अशा आम्ही दवाखान्याच्या किती खेपा केल्या ते आता आठवतही नाही. कागद केव्हाच काढलेला होता, पण मी गाडीचं ऐकूनच चालवत होते. त्या काळात मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही, ते भाऊजींमुळे.

आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो. म्हणजे भाऊ ते दोघे, आम्ही जावा. पुढच्या मोकळ्या जागेत भाऊजींचं गॅरेज, त्याला लागून व्हरांडा, आणि व्हरांड्यात माझ्या धाकट्या जावेचं शिलाई मशीन. घरात शिरायचं तर गॅरेजमधूनच शिरावं लागतं. त्यामुळे माझ्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा ओरडायला लागला तेव्हा मला वेगळं कुठे जायची गरज नव्हती. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. मी दारात इंजिन चालूच ठेवून थांबले. भाऊजी बोनेटवर हात टेकून उभे राहिले आणि विचारते झाले, "काय म्हणतेय गाडी? काही तक्रार?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"काही नाही, मस्त चाललीय," मी म्हटलं आणि इंजिन बंद केलं.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. जेवायला बसताना ते आता भिंतीकडची खुर्ची धरत, म्हणजे सगळे एकाच बाजूला येत. मुलांनी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो हो, बघू." चहाची किटली शिट्टी मारून मारून दमली तरी भाऊजी शेजारी नुसते उभे. मी काही बोलले नाही. माणूस एखादी गोष्ट झाकतो तेव्हा ती ओढून काढू नये, त्याला हात सैल करायला वेळ द्यावा असं मला वाटतं.

त्याच सुमारास त्यांच्याकडे दातांच्या डॉक्टर आल्या. माझ्या दोन दाढा ह्याच बाईंच्या कृपेने जागेवर आहेत. बाई तोंडात हात घालतात तेव्हा गंभीर असतात, पण गाडीचा विषय निघाला की डोळे लहान मुलीसारखे चमकतात. त्यांची गाडी छोटी, जुनी, बाहेरून अगदी गरीब. आत कुणीतरी टर्बो बसवून दिला होता. टर्बो म्हणजे इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली, पण इंजिनाचा कॉम्प्युटर जुनाच, त्यामुळे गाडी कधी गुदमरायची, कधी उसळायची.

"मला शर्यत लावायची नाही दादा," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी एका चावीत सुरू झाली पाहिजे, सिग्नलला एसी लावून शांत उभी राहिली पाहिजे, धुराच्या तपासणीत पास झाली पाहिजे. आणि रविवारी डोंगराच्या रस्त्याला लागले की उडाली पाहिजे. कुठला कॉम्प्युटर बसवू?"

भाऊजींचं यावरचं प्रवचन आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मार्ग तीन. एक, कंपनीचाच कॉम्प्युटर ठेवून आतला प्रोग्रॅम बदलायचा. पण या गाडीच्या कॉम्प्युटरला टर्बोची हवा मोजताच येत नव्हती, म्हणजे तो मार्ग बंद. दुसरा, कंपनीच्या कॉम्प्युटरला एक छोटा डबा जोडायचा, जो त्याला खोटी माहिती पुरवून काम साधून घेतो. या डब्याला भाऊजी 'चुगलखोर' म्हणायचे. "दोन भावांच्या भांडणातला इकडचं तिकडे करणारा पाहुणा! आज गोड वाटेल, उद्या घर फोडेल." आणि तिसरा मार्ग म्हणजे जुना कॉम्प्युटर काढून पूर्ण नवा बसवायचा आणि त्याला पहिल्यापासून शिकवायचं, किती हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी केव्हा. अशा गाडीला भाऊजी नेहमी तिसरा मार्ग सांगत. नवा निवडतानाही त्यांची अट असायची, दुसऱ्या मेकॅनिकलाही उघडता येईल असाच हवा. "मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

या वेळी मात्र ते प्रवचन झालंच नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, वायरिंग बघू दे, असं चालू राहिलं. आणि मग एके दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन गॅरेजमधून आत जाताना पाहिलं, तर डॉक्टरांच्या गाडीत चुगलखोर बसलेला.

मी उभीच राहिले. शाकाहारी माणसाच्या ताटात कोंबडी दिसावी तसं झालं मला.

गाडी गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. डॉक्टर उतरल्या, दार हळू लावलं. रागावलेली माणसं आपटतात, पण निराश झालेली असं हळू लावतात.

"दादा, मी पण रोज लोकांना भूल देते. पण घरी जाईपर्यंत त्यांची भूल उतरते. ही गाडी उठतच नाही हो."

"सेफ आहे," भाऊजी म्हणाले.

"सेफ तर ती बंद असतानाही होती!"

बाई गाडी ठेवून रिक्षाने गेल्या. भाऊजी फडक्याने हात पुसत बसले. हात स्वच्छच होते. मी चहा नेला आणि मुद्दाम समोर, त्यांना माझे ओठ दिसतील अशी बसले.

"भाऊजी, घर फोडणारा पाहुणा तुम्ही स्वतःच्या हाताने आत कसा घेतलात?"

त्यांनी फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाले, "वहिनी, वाटाणे ऐकू येत नाहीत मला."

वाटाणे म्हणजे नॉकिंग. ठिणगी थोडी आधी पडली की इंजिन जोर करतं. त्याहून आधी पडली की आत पेट्रोल भलत्या वेळी फुटतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे हलवल्यासारखा येतो, अगदी बारीक. भाऊजी इंजिनावर एक सेन्सर लावून हेडफोनने तो ऐकायचे. ठिणगी पुढे पुढे न्यायची, पहिला वाटाणा वाजला की एक पाऊल मागे. त्यांची सगळी कीर्ती त्या एका पावलावर उभी होती. आता पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नव्हतं. नवा कॉम्प्युटर बसवला असता तर तो शिकवावा लागला असता. चुगलखोर डबा तयार आकड्यांवर चालतो, काही ऐकावं लागत नाही. त्यातही भीतीपोटी भाऊजींनी ठिणगी इतकी मागे ओढली होती की गाडीला डुलकीच लागली.

"नव्या कॉम्प्युटरला स्वतःचा कान असतो ना?" मी विचारलं. "नॉकिंग ओळखणारा?"

"असतो. पण कुठला आवाज साधा आणि कुठला घातक, ते त्याला आधी कुणीतरी शिकवायला लागतं. बहिऱ्याने बहिऱ्याला काय शिकवायचं? हे शटर ओढतो आता, वहिनी. कुणाचं इंजिन फोडण्याआधी बंद केलेलं बरं."

व्हरांड्यातलं शिलाई मशीन थांबलं. तोंडात टाचण्या धरलेली धाकटी दारात आली. टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "शटर ओढून घरी बसणार? म्हणजे दिवसभर माझ्या डोक्यावर? काही नको. मी ऐकते तुमचे वाटाणे."

भाऊजी चपापले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी काय बहिरी आहे?"

मग भाऊजीच आधी हसले, आणि मग मी इतकी हसले की चहा सांडला.

धाकटीच्या कानाबद्दल मला शंका नव्हती. कापड मशीनखाली असताना ती मध्येच थांबते आणि म्हणते, "सुई बोथट झाली." मला तरी दोन्ही आवाज सारखेच वाटतात. पण पेट्रोलच्या वासाने तिचं डोकं दुखतं, म्हणून इतक्या वर्षांत ती गॅरेजमध्ये कधी पाच मिनिटांवर टिकलेली नव्हती.

भाऊजींनी आधी डॉक्टरांना फोन करून बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं, चुगलखोर का बसवला तेही. सांगताना मान खाली होती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला भिंगाशिवाय दाढेतली भेग दिसत नाही, दादा. डोळ्यावर भिंग चढवलं की पेशंट उलट निर्धास्त होतात. तुम्ही ह्या धाकट्या वहिनींचा कान वापरा, मला चालेल. फक्त स्वतःचेही एकदा तपासून घ्या."

नवा कॉम्प्युटर आला. नॉकिंगसाठी स्वतःचा सेन्सर घेणारा, पंखा-एसी सांभाळणारा, आणि दुसऱ्या मेकॅनिकलाही उघडता येईल असा. भाऊजींनी गाडी जागच्या जागी पळवायच्या रोलरवर चढवून साखळदंडांनी बांधली आणि ते स्क्रीनसमोर खुर्चीत बसले. धाकटी नाकाला रुमाल बांधून आणि हेडफोन चढवून त्यांच्यामागे स्टुलावर बसली. एक हात त्यांच्या खांद्यावर. ठरलं असं, की वाटाणा वाजला की चिमटा.

पहिल्यांदा ती वैतागली. "ही तर नुसती भांडी पडताहेत!" भाऊजींनी इंजिन हळू फिरवत ठेवून मुद्दाम ठिणगी किंचित पुढे नेली. धाकटीची मान एकदम वळली, आणि भाऊजी खुर्चीतून उडाले.

"अगं! चिमटा म्हटलं होतं, लचका नव्हे!"

"खूप वर्षांचं साचलं होतं," ती रुमालाआडून म्हणाली.

मग मात्र काम लागलं. भाऊजी स्क्रीनवरच्या तक्त्यात एकेक घर भरत गेले, ती ऐकत गेली, चिमटा आला की ते एक पाऊल मागे. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. मी जेवायला बोलवायला गेले आणि न बोलवताच परत आले. दुपारी डोकं दुखत असतानाही धाकटी जेवताना सांगत होती, "इतकी वर्षं मी बोलायचे आणि हे ऐकायचे नाहीत. आज मी ऐकते आणि हे गप्प बसतात. हाच कॉम्प्युटर आधी का नाही आणला?"

डॉक्टर डोंगराच्या रस्त्यावरून फिरून आल्या. दारातून थेट व्हरांड्यात गेल्या आणि धाकटीला मिठी मारली. तिच्या गळ्यातल्या टेपसकट. भाऊजी गाडीखाली शिरले होते. गाडीला काहीही झालेलं नसताना.

त्यानंतर ते कान तपासायला गेले. नेलं मीच, अर्थात गाडीने. यंत्र बसवून मिळालं, कानामागे शेंगदाण्याएवढं. परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते. पहिल्या चौकात मी एसी लावला आणि पट्टा किंचाळला.

भाऊजी ताठ झाले. "वहिनी, थांबवा गाडी. बाजूला घ्या." खाली उतरून त्यांनी बोनेट उघडलं, खिशातली बॅटरी लावून आत डोकावले. "हा पट्टा तर घासून पार चकाकलाय! कधीपासून ओरडतोय?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे दिवस? काय शिकवलं होतं मी तुम्हाला? गाडी बोलते म्हणून सांगितलं होतं ना? ऐकू आलं नाही?"

"आलं की," मी म्हटलं. "तुम्हाला कधी येतंय, त्याची वाट बघत होते."

ते बोनेटमध्येच वाकलेले राहिले. आतूनच म्हणाले, "चालवा हळू. एसी नको. घरी गेल्या गेल्या बदलतो."