आक्काला आणायला गेलो

नगरच्या स्टँडवर शेवगावची एसटी उभी होती, पण तिचा ड्रायव्हर कुठे होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी उन्हात ट्रंकेवर बसून राहिलो. बायकोने आक्कासाठी नानकटाईचा डबा दिला होता. गाडीत चढताना एका गृहस्थांनी नेमका त्यावर पाय दिला आणि वर "डबा वाटंत ठिवायचा नसतो, मास्तर," असं मलाच ऐकवलं.

शांताआक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झाली, तेव्हा सासूने 'पांढऱ्या पायाची' म्हणून तिला घराबाहेर काढलं. चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहून, गावच्या शाळेत शिकवून तिने आयुष्य रेटलं. पुढे त्याच सासूच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि तिचा धाकटा मुलगा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा आक्का आपणहून त्या घरात परत गेली. आता बहात्तरचा दुष्काळ पडला होता. पुण्याच्या एका शाळेत मी तिच्यासाठी नोकरी ठरवून ठेवली होती. यावेळी तिला घेऊनच यायचं, असं ठरवून मी निघालो होतो.

तिसगावच्या पुढे गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तीही पंक्चर! आम्ही सगळे एका बाभळीखाली बसलो. दोन्ही बाजूंची शेतं भाजलेल्या खापरीसारखी दिसत होती. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यांच्यातल्या एकीने मूठभर सुकडी (कामावर वाटतात ते गोड पीठ) माझ्या हातावर ठेवली.

"खावा पावनं. कुनाकडं निगाला?"

"बहिणीला न्यायला. शांताबाई, शाळेतल्या."

"राहेलबायची सून व्हय? त्या न्हाई यायच्या," ती म्हणाली आणि पुन्हा हातोडा चालवू लागली.

मला राग आला. माझ्या बहिणीबद्दल हे मला सांगणारी ही कोण!

गावात पोचलो तेव्हा आक्का विहिरीवर होती. टँकरने ओतलेलं गढूळ पाणी शेंदायला झुंबड उडाली होती. तिच्या डोक्यावरून हंडा उतरवून घेताना तिचं मनगट हाताला लागलं. नुसतं हाड.

घरात राहेलबाई, आक्काची सासू, खाटेवर होत्या. अंग लुळं, पण जीभ पूर्वीसारखीच.

"आला का? पानी बेतानं पी. तुज्या बापानं न्हाई भरलं."

आक्काने तांबड्या मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी वाढली. पिठाला चिकटपणा नाही म्हणून ती तव्यावरच तुटत होती. पहिला घास कुस्करून तिने सासूला भरवला. म्हातारीने तो थुंकला. आक्काने पदराने तिचं तोंड पुसलं आणि दुसरा घास केला. मी ताटावरून उठलो.

जेवण आटोपून ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "आक्का, हे पुरे झालं. चल माझ्याबरोबर पुण्याला. ही बाई तुझ्याशी कधी धड शब्द बोलली नाही. देवाला तरी हे कसं बघवतं?"

"मीही विचारते त्याला," ती म्हणाली. "रोज चिडते बाळू, हिच्यावरही आणि त्याच्यावरही. आज सोडून जावं असं ठरवते. मग हिची कूस बदलायची वेळ होते आणि हात पुढे होतात. ते बळ माझं नाही रे. माझं केव्हाच संपलं."

"पाळकांसारखं बोलू नकोस!"

ती हसली. पण थकली होती, हे मी पाहिलं. सकाळपर्यंत तिचा नकार ढिला पडला. "हिच्याकडे बघायला कोणी मिळालं तर..." एवढं ती बोलली. मी लगेच शेजारच्या बाईंशी बोलून आलो. त्या तयार झाल्या. आक्काने लुगडी घडी करायला घेतली.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"ए पुन्याच्या! न्हे हिला. हितं ऱ्हाऊन मरंल ती." म्हातारी भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "लई छळलं मी पोरीला. आता बास. न्हे."

मला वाटलं, जिंकलो. प्रत्यक्ष सासूच माझ्या बाजूने! वळून पाहिलं तर आक्का खाली बसली होती, हातातलं लुगडं तोंडाला लावून रडत होती. नवऱ्याच्या मातीलासुद्धा ती अशी रडली नव्हती. मग ती उठली, म्हातारीच्या उशाशी बसली आणि तिचे केस विंचरू लागली.

"आक्का, गाडीची वेळ होतेय."

"तू जा बाळू," ती म्हणाली. "आता कशी येऊ मी?"

अरे, आता तर यायचं! इतकी वर्षं शिव्या खात थांबली आणि आता मोकळीक मिळाली तर नाही म्हणते! मी ओरडलो, हात जोडले, शेवटी ट्रंक उचलली. राहेलबाईही चिडल्या होत्या. "येडी हाय ती," त्या म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच आमचं दोघांचं एकमत झालं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, टायरही टिकले, तरी माझा संताप उतरेना. देवाची प्रीती सोडून जात नाही, असं मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. ती एखाद्याला धरून बसवते आणि भावाच्या घरी येऊ देत नाही, हे मात्र कधी शिकवलं नव्हतं.

बायकोने आक्कासाठी खोली झाडून ठेवली होती. तिने पानं घेतली. जेवणाआधीची प्रार्थना मी केली. आक्काचं नाव घेतलं आणि थांबलो. मग राहेलबाईंचंही घेतलं, आवाज जरा चढवूनच.