अंबाडी सडेना तेव्हा

माझी सासू धुरपदाबाई हिच्याशी माझं फारसं कधी पटलं नाही. पण तिच्यासारखी दोर वळणारी बाई पिंपळनेरच्या आसपास नव्हती, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. अंबाडीच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे, साल सडून सुटली की तिचा वाख काढायचा, त्याचे दोर वळायचे. सडायला बारा दिवस. पाण्यात हात घालून ती नेमका दिवस सांगायची, आणि तो कधी चुकला नाही.

१९८७ साली मात्र वीस दिवस झाले तरी साल काडीला चिकटूनच. अंबाडी फार जून झाल्यावर कापली, असं शेजारचा मोतीलाल म्हणाला. मग गावभर तेच. धुरपदाबाई म्हातारी झाली, तिचा हात गेला. सासू दोन दिवस धड जेवली नाही. मला त्या मोतीलालचा असा राग आला!

तिसऱ्या दिवशी ती डोहात उतरली आणि तळातली मूठभर जांभळीची पानं काढून माझ्यासमोर धरली. श्रावणात वाहून आलेली पानं, पण दिवाळी उलटली तरी एकही कुजलेलं नव्हतं. वरच्या अंगाला त्याच पावसाळ्यात कापड पांढरं करायचा कारखाना सुरू झाला होता. त्याच्या चरीचं पाणी नाल्यात यायचं. नाला काचेसारखा नितळ झाला म्हणून गाव खूश होतं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

सासूनं एकाच वावरातली, एकाच दिवशी कापलेली अंबाडी घेतली. निम्मी चरीच्या वर गढूळ पाण्यात बुडवली, निम्मी आमच्या डोहात. मग तालुक्याला जाऊन पाणी तपासणाऱ्या साहेबाला घेऊन आली. कसं आणलं ते तिलाच ठाऊक. कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसली असणार.

साहेबानं डोहातून बाटली भरली, उन्हात धरली आणि इतकं स्वच्छ पाणी आमच्या नळालाही येत नाही म्हणाला. सासूनं वरच्या पाण्यातली काडी त्याच्या हातात दिली. बोट लावताच साल सुटली. वासानं त्यानं तोंड फिरवलं. मग डोहातली दिली. नखानंही निघेना.

"साहेब, जित्ता पानीमा अंबाडी सडस," ती म्हणाली. "हाई पानी मरेल शे."

पाणी मेलेलं आहे, हे ऐकून साहेबानं बाटली खाली ठेवली आणि वही काढली.

महिन्याभरानं अहवाल आला. नाल्यात पालापाचोळा कुजण्याची क्रिया बंद पडली आहे, असं मी तिला वाचून दाखवलं. हे तर मीच सांगितलं होतं, म्हणत ती भाकरी टाकायला उठली.

चर बंद झाली. पुढल्या वर्षी बाराव्या दिवशी आमची साल सुटली. मोतीलाल आपल्या पेंढ्या घेऊन काठावर आला आणि मान खाली घालून विचारू लागला, कुठं बुडवू? सासूनं त्याला जागा दाखवली. काठावर परगावची माणसं उभी होती, आणि मला सारखं वाटत होतं, ही बाई तुझी कोण, असं त्यांतल्या कुणीतरी मला विचारावं.