खिडकीतलं कांदळ

"मॅडम, ही माशांची काचेची टाकी झूलॉजीची आहे," प्राचार्य म्हणाले. "नाताळच्या सुट्टीपर्यंत त्यात जिवंत झाड दिसलं तर ठेवा. नाहीतर परत."

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट असेल. मी इस्लामपूरला एका कॉलेजात बॉटनी शिकवत होते. खाडीकाठच्या कांदळाचं बी झाडावर असतानाच उगवतं. त्याला आम्ही व्हिविपरी म्हणतो. मुलं हा शब्द पाठ करून मार्क मिळवत, पण एकानेही कांदळ पाहिलेलं नव्हतं. याचा मला मनापासून राग यायचा. मी ठरवलं, यंदा झाड दाखवायचंच.

रत्नागिरीच्या मैत्रिणीने एसटीने खाऱ्या पाण्याचे कॅन, खाडीचा चिखल आणि कांदळाच्या शेंगा पाठवल्या. शेंग म्हणजे हिरवी, वीतभर लांब कांडी. तिचं टोकदार बूड चिखलात उभं रोवायचं. लॅबमध्ये ऊन येत नव्हतं, म्हणून टाकी घरी दक्षिणेच्या खिडकीत मांडली. तेवढ्यात कोल्हापूरला परीक्षेची ड्यूटी लागली. शेंगा ओल्या पोत्यात गुंडाळून मी निघाले.

आठवड्याने परतले तर पोतं रिकामं! टाकीत नुसता सपाट चिखल.

"मामंजी, शेंगा कुठं गेल्या?"

सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आता घरचा ऊस बघायचे. छाती फुगवून म्हणाले, "लावल्या की! वाळून जात्याल म्हनलं. वरंब्यागत चिखल केला, सरीत आडव्या टाकल्या, वरनं झाकल्या. डोळा तेवढा गावला न्हाई."

उसाची लागण! सगळ्या शेंगा आडव्या पुरलेल्या. मला रडू आलं आणि हसूही.

"अहो, हा ऊस नाही. याला पेरावर डोळा नसतो. कोंब वरच्या टोकातून येतो, तोच तुम्ही गाडलात."

त्यांचा चेहरा पडला. "मग मेलं का काय समदं?"

"बघू या."

बाह्या सारून चिखल उपसला. मऊ पडलेल्या, काळ्या झालेल्या शेंगा फेकल्या. टणक होत्या त्या धुऊन उभ्या रोवल्या. चारच उरल्या. पाणी आटलं की मी साधं पाणी घालायचे, कारण आटतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. मामंजींनी हे दोनदा विचारून घेतलं आणि पाण्याचं काम स्वतःकडे ओढलं.

दिवाळी सरली तरी शेंगा जशाच्या तशा. रोज दुपारी मी खिडकीशी उभी राहून बघायचे, तेव्हा कळलं. ऊन टाकीवर येतं आणि लगेच जातं. बाहेरचा शेवगा आडवा येत होता. तो मामंजींनी हाताने लावलेला. त्याच्या शेंगा ते गल्लीभर वाटायचे.

"मामंजी, शेवग्याची मोठी फांदी तोडावी लागेल."

त्यांनी खिडकीतून फांदी नीट बघून घेतली. मग कुऱ्हाड घेऊन गेले. मला मदतीला कुणाला हाक मारू दिली नाही. फांदी पडल्यावर आत आले आणि म्हणाले, "आता उगवलं न्हाई तर तुज्या कांदळाला मीच बगून घेतो."

ऊन थेट टाकीत उतरलं. दोन शेंगा गेल्या. नाताळ जवळ आला तशी मी उठसूट टाकीत डोकावू लागले. मग एका पहाटे मामंजींनी हातातला चहा तसाच ठेवून मला हाक मारली. तिसऱ्या शेंगेच्या टोकाला पानांची जोडी उलगडली होती. कोवळी, चकचकीत. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

सुट्टीच्या आदल्या दिवशी प्राचार्य आले. सोबत झूलॉजीचे सर, टाकी न्यायला. प्राचार्य वाकून म्हणाले, "दोनच पानं?"

मामंजी ताठ उभे राहिले. "साहेब, समुद्राचं झाड हाय. हितं दोन पानं काडली, लय झालं."

झूलॉजीचे सर टाकीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "राहू द्या. आमचे मासे हौदात मजेत आहेत."

जानेवारीत मुलांनी कांदळ समोर बघून वहीत काढलं. पेपरात मात्र त्या वर्षी व्हिविपरीवर प्रश्नच आला नाही.