कोनाड्यातली फणी

आज सकाळी कोनाड्यातल्या फणीत केसांचा गुंता दिसला आणि मागची एक संध्याकाळ आठवली. नगरहून केमो घेऊन आम्ही शिंगणापूरला परतलो होतो. बायकोने ओसरीवर बसून डोक्यावरून फणी फिरवली, तर अख्खी बट हातात आली. तिने ती खाली ठेवून दुसरी ओढली, तीही आली. तिच्या खोबरेल तेलाचा वास तेवढा दरवळत होता आणि रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी फणी पेटीत ठेवायला उचलली, तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कोनाड्यातच, लागंल परत. अवो, आपल्या गावात चोरी पचत न्हाई. चोर केस आनून दील बगा." गावातल्या जुन्या घरांसारखी आमच्याही घराला नुसती चौकट आहे, दार नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री तेवढी एक फळी टेकवतो. त्या दिवशी मी ती लावली नाही. "आन् फळी?" तिने विचारलं. "चोराला परत यायला आडचन नको," मी म्हणालो. ती खोकला येईपर्यंत हसली. पहाटे कुत्र्याने भाकरी पळवली, तरी फळी पुढेही भिंतीलाच उभी राहिली. आज मी फणीतले, केमो संपल्यावर तिला नव्याने आलेले केस सोडवून पाहिले. पांढरे आहेत, कुरळे आहेत, आधीच्या केसांशी त्यांचं काहीच नातं नाही. "दुसऱ्याच कुनाचे आनून दिले वाटतं," ती म्हणाली. दिवेलागणीला मी फळी उचलून चौकटीला टेकवली.