सावली आणि पिवळा चौकोन

दुपारी जेवण झालं की मला खुर्चीतच डुलकी लागते, आणि डुलकीत पिवळे चौकोन दिसतात. परभणीच्या रस्त्यांवर खाण्याच्या हातगाड्यांसाठी असे चौकोन आखायचं काम मी महापालिकेत केलं आहे. एका गाड्याला एक चौकोन, त्यात एक आकडा, आणि तोच आकडा विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर. आधी मोबाईलवर गाड्याचा फोटो काढायचा, त्यात जागेची नोंद आपोआप व्हायची. मग टेप लावायचा आणि रंग मारायचा. मला हे काम आवडायचं, लपवत नाही. काही विस्कटलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. घरातली जुनी वर्तमानपत्रंसुद्धा मी तारखेनं लावून ठेवतो.

आमच्या कचेरीसमोर रस्त्याच्या कडेला एक जुना कडुलिंब आहे. त्याच्याखाली एका मावशींचा सुशिल्याचा गाडा असायचा. भिजवलेले मुरमुरे, दाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि वरून लिंबू. पुण्याकडचे पाहुणे 'सुशिला' हे बाईसारखं नाव ऐकून आधी हसतात आणि मग दुसरी प्लेट मागतात. मावशी राणीसावरगावकडच्या. निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. कंबर कायमची धरली तेव्हा शहरात आल्या आणि गाडा घेतला.

हा गाडा एका जागी कधी नसायचाच. सकाळी सावली कचेरीच्या फाटकाकडे पडायची, तेव्हा गाडा फाटकाशी. बारा वाजता सावली खोडापाशी गोळा व्हायची, तर गाडाही खोडापाशी. दुपार कलली की दोघं मिळून झेरॉक्सच्या दुकानाकडे सरकायची. मावशी चाकाखालचा दगड काढायच्या, गाडा हातभर ढकलायच्या, पुन्हा दगड लावायच्या. हातातलं काम आणि तोंडातलं बोलणं चालूच. खिडकीतून ते बघता बघता मला गुंगी यायची. झाडच गाडा ओढतंय असं वाटायचं, आणि कधी कधी वाटायचं की गाड्याच्या ओढीनं ऊन कलतंय.

आमची पाहणी झाली ती ऐन हिवाळ्यात, सकाळी नऊला. ऊन हवंहवंसं. गाडा फाटकाशी होता, म्हणून मी तिथंच फोटो काढला आणि तिथंच चौकोन आखला. रोज खिडकीतून बघणारा मी, पण दुपारचा विचार मनात आला नाही. वर दोन नियमही ऐकवले. चाक रेषेबाहेर गेलं तर गाडा उचलून नेतील. आणि फाटकासमोर छत्री लावायची नाही.

मावशी ओल्या रंगाकडे बघत राहिल्या. "मंजी हितं दुसरं कुणी गाडा लावनार न्हाई?"

"नाही. ही जागा तुमची."

त्यांनी चौकोनाच्या चारी बाजूंनी एक फेरी मारली. मला पुढच्या गाड्याची घाई होती.

पुढं माझं टेबल मागच्या खोलीत गेलं आणि ती खिडकी सुटली. एप्रिलमध्ये एकदा दुपारी दोनच्या सुमाराला मी बाहेर आलो. डांबर तापून हवा हलत होती. सावली झेरॉक्सच्या दुकानापाशी पोचली होती आणि गिऱ्हाइकं प्लेटा घेऊन तिथं उभी होती. गाडा मात्र फाटकाशी, रखरखीत उन्हात, जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखा दिसत होता. मागं मावशी, डोक्यावर ओला टॉवेल. चेहरा लाल झालेला.

चूक माझी आणि भडकलो त्यांच्यावर. "मावशी, जीव द्यायचाय का? सरका तिकडं सावलीत. कुणी आलं तर मी बघून घेतो."

"तुमी बघताल, साहेब. तुमची बदली झाल्यावर कोन बघंल?"

मग मी दुसरी वाट सांगितली. जागा बदलून मागायचा अर्ज करायचा. आधीची नोंद रद्द होईल, नाव प्रतीक्षा यादीत जाईल, आणि मंजुरी आली की दुकानापाशी नवा चौकोन. सकाळचं ऊन सोसवेल, दुपारची सावली मिळेल.

त्यांनी लिंबू कापता कापता विचारलं, "मधी किती दिवस माजं नाव कुटंच ऱ्हानार न्हाई?"

"दोन-तीन महिने. कदाचित जास्त."

"मग नगं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "जलमभर दुसऱ्याच्या फडावर ऱ्हायले. पाचटाची कोपी बांदायची, मोडायची, पुडं जायचं. जिथं पाऊल ठिवीन ती जागा दुसऱ्याचीच. हितं माजं नाव हाय. ऊन काय, सांच्याला जातंयच की."

मला लाज वाटली. जे मी टेप लावून पाच मिनिटांत उरकलं होतं, ते ही बाई जीव पणाला लावून सांभाळत होती. मी एक प्लेट मागितली. ती घेऊन सावलीत जायला पाय उचलेना. तिथंच रेषेबाहेर उभा राहिलो.

"बाहीर का उबे?" मावशी अंग चोरून बाजूला झाल्या, टॉवेलाच्या टोकानं गाड्याची कड पुसली. "आत या ना. माजीच जागा हाय."

मी रेषेपाशी आलो आणि माझ्याही नकळत पायांतल्या चपला काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या साहेब," त्या घाईनं म्हणाल्या, "पाय भाजतेल."