उताऱ्यात दिलेलं नाही

माझ्या मुलीला पुढचं शिकायला फ्रान्सला जायचं होतं आणि त्यासाठी फ्रेंचची परीक्षा पास होणं भाग होतं. बोलणं, ऐकणं, लिहिणं तिला जमत होतं. घोडं अडलं ते वाचनाच्या उताऱ्यांवर. उतारा वाचायचा आणि खालच्या वाक्यांपुढे तीनपैकी एक खूण करायची: खरं, खोटं किंवा उताऱ्यात दिलेलं नाही. या तिसऱ्या खुणेवर ती हटकून मार खायची.

संध्याकाळी मी गॅलरीत मेथी निवडत बसायचे आणि ती शेजारी उतारे सोडवायची. मला फ्रेंचचं अक्षर कळत नाही, म्हणून ती मराठीत सांगायची. एका उताऱ्यात एक म्हातारी दूर राहणाऱ्या मुलाला पत्र लिहिते. हीटर दुरुस्त झाला, थंडी वाढलीय, तुझ्या खोलीची खिडकी मी रोज सकाळी उघडते. खाली वाक्य होतं: म्हातारीला मुलाची आठवण येते. मुलीनं खूण केली, खरं. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, दिलेलं नाही.

"दिलेलं नाही कसं?" मी मेथी बाजूला ठेवली. "ती बाई रोज उगाच खिडकी उघडते का? उत्तरं छापणाऱ्याला आई नसेल."

"मी पण तेच म्हणतेय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून त्या पुस्तकाचा उद्धार केला. मार्क काही वाढले नाहीत.

मीरा रोडच्या तिच्या क्लासमधल्या मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीची भाषा पक्की आहे हो, पण ती कागदावर नसलेलं पण वाचते." मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण ही शिकवण घरची होती. तिचे बाबा गेल्यापासून भाईंदरच्या या घरात आम्ही दोघीच, आणि मनातलं तोंडावर आणायची आम्हाला सवय नाही. ती "भूक नाही" म्हणाली की समजायचं, बाईसाहेब रुसल्यात. मी उत्तनच्या मासेवालीकडून मुद्दाम तिच्या आवडीचे सुके बोंबील घेतले की तिनं समजायचं, आईचं चुकलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. त्या पुस्तकात मात्र शीत म्हणजे शीतच.

मग मी कंबर कसली. तिनं 'खरं' म्हटलं की मी विचारायचे, "कुठं लिहिलंय? बोट ठेव." बोट ओळीवर टेकलं तर ठीक, नुसतंच कागदावर फिरत राहिलं तर तिसरी खूण. सुरुवातीला ती चिडायची. "आई, तुला फ्रेंच येत नाही, तू गप्प बस ना." मी गप्प बसणाऱ्यातली नाही. हळूहळू बोट फिरायचं थांबलं आणि मार्क वाढायला लागले. मला आनंद व्हायचा आणि लगेच लक्षात यायचं, एवढं मन लावून मी तिला माझ्यापासूनच लांब पाठवत होते. हे मी तिला बोलले नाही.

परीक्षेच्या सकाळी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता, त्याला वरूनच "भैया, दो मिनिट" म्हणून थांबवलं.

"मी गेले तर तू नीट राहशील ना?" तिनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? मजेत राहीन."

"कुठं लिहिलंय?" ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली. "बोट ठेव."

मग सांगूनच टाकलं. "तू गेलीस की हे घर मला खायला उठेल. मी रडेन पण. आणि तरी तू पास व्हावंस असं मला मनापासून वाटतं."

तिनं तळहातावरचं दही संपवलं आणि वाकून नमस्कार केला. चपला घालता घालता म्हणाली, "हे आधी बोलली असतीस ना, तर माझे इतके उतारे चुकले नसते."