माझ्या उंचीचा ओटा

आमचे मालक तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मुनीम होते. आमच्याकडे बाया नवऱ्याला मालकच म्हणतात. पुढे ते घरमालकही झाले. पगारातून वाचवून त्यांनी स्टेशनच्या रस्त्याला जागा घेतली आणि भाड्याने द्यायला एकेक पक्की खोली बांधू लागले.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. विटा महागल्या, मिस्त्रीची रोजी वाढली. मालकांनी खर्चावर उपाय काढला: रेजा, म्हणजे मजूर बाया, बंद केल्या आणि त्यांची घमेली माझ्या डोक्यावर दिली. नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची तराईसुद्धा माझीच. लोक विचारायचे, नोकरी सांभाळून एवढी धावपळ जमते कशी? हे ऐटीत सांगायचे, "सकाळी भिजवलेले चने खातो. थकवा काय असते, मले मालूमच नाही." कसा मालूम असणार? चणे भिजवणारी मी आणि थकणारीही मीच.

आम्ही मात्र मागच्या मातीच्या खोलीत. चुलीपुढे वाकून वाकून माझी कंबर कामातून गेली होती. खोली पुरी झाली की दरवेळी तेच, "यंदा खर्च बहुत झाला. हे भाड्यानं देऊ, पुढची आपली."

ऐंशी साल उलटल्यावर शेवटची खोली बांधायला निघाली. यापुढे जागाच नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. हट्टाने उभ्याने रांधायचा ओटा मागितला. मी चांगली उंच, सासरी ताडमाड म्हणून चिडवायचे. मिस्त्रीने मला भिंतीशी उभं केलं आणि माझ्या कमरेशी कोळशाने रेघ ओढली. एवढ्या वर्षांत माझ्या मापाचं काही बांधलं गेलं ते तेवढंच.

ओटा वाळला आणि मालक एका साहेबाला बायकोसह घेऊन आले. बाई ठेंगणी होती. ओट्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "खोली छान आहे, पण ओटा उंच होतो."

"कमी करून देतो ना!" मालक म्हणाले.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "हे तर आपली होती ना?"

"महागाई पाह्यतं का नाही तू?" छन्नी-हातोडा माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "अन् मिस्त्री कायले बोलवाचा? तुले जमते."

ते मिलमध्ये गेले. मी हातोडा उचलला तो थेट ओटा जमीनदोस्त होईपर्यंत खाली ठेवला नाही. रडले, शिव्या दिल्या, घाव घातले. आता बघू कोण राहतं इथं!

साहेब आला नाही. महिनाभर मालक माझ्याशी बोलले नाहीत. मग धानाच्या एका व्यापाऱ्याने ती खोली पोती ठेवायला घेतली. त्या दिवशी मालक खुशीत घरी आले.

"बरं झालं ओटा फोडला," ते म्हणाले. "गोदामाले भाडं जास्त भेटते."